जुन्या डेस्कटॉपला वेगवान रॅम: सांगलीतले साडेतीन महिने

आमच्या घरात डेस्कटॉप एकच. दिवसा त्यावर माझं जीएसटीचं काम चालतं, हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे हिशेब, दरमहाची रिटर्न. रात्री आठ वाजले की तो मुलीचा. ती बुद्धिबळ खेळते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावात बुद्धिबळ रुजवलं, तिथं यात नवल काही नाही. पण हल्ली तयारी पटावर संपत नाही. स्टॉकफिशसारख्या इंजिनावर, म्हणजे चाली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एकेक स्थिती तासन्‌तास लावून ठेवावी लागते. डिसेंबरात ती म्हणाली, "बाबा, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हीच स्थिती आपल्यापेक्षा लवकर खोल जाते." खोल म्हणजे इंजिन किती चाली पुढचं पाहतं ते, त्यालाच डेप्थ म्हणतात.

त्या वाक्यापासून हे सुरू झालं. १४ जानेवारी २०२४ ला हात घातला आणि २८ एप्रिलला काम संपलं. मधल्या काळात एक रॅम परत पाठवावी लागली, एकदा मशीन चालूच होईना, आणि एका रात्री ग्राहकांच्या फायली गेल्या असं वाटून झोप उडाली. मला हवी होती ती माहिती मराठीत एका जागी सापडली नाही, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतोय.

आधी मशीनबद्दल. २०१७ च्या दिवाळीत घेतलेलं, एएमडी रायझन ५ १६००, सहा कोर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड. प्रोसेसरचा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, बूस्ट ३.६. दोन वर्षांपूर्वी मी मोठा कूलर बसवून सगळे कोर ३.८ वर नेले होते आणि ते नीट चालत होतं. रॅमकडे मात्र कधी पाहिलंच नव्हतं. घेताना आठ जीबीची एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, होती, २०२० मध्ये दुसऱ्या कंपनीची आणखी एक आठ जीबी घातली. मनात हिशेब सोपा होता, सोळा जीबी झाली, पुरे.

१४ जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या रविवारी, सीपीयू-झेड उघडलं. हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे आणि सुरुवात इथूनच करावी. मेमरीच्या पानावर वेग दिसला ११९७ मेगाहर्ट्झ. मी घाबरलो, कारण स्टिकवर २४०० लिहिलेलं. घाबरायचं कारण नव्हतं. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती देते, त्यामुळे १२०० च्या दुप्पट २४०० होतात. पण एसपीडीच्या, म्हणजे स्टिकवरच साठवलेल्या तिच्या माहितीच्या, पानावर दुसरी गोष्ट कळली. पहिली स्टिक २४०० ची, दुसरी २६६६ ची, आणि दोन्ही मिळून हळूच्या चालीनं चालत होत्या. बैलजोडीत एक बैल तरणा असला तरी गाडी चालते दुसऱ्याच्या पावलानं.

या पहिल्या पिढीच्या रायझनवर रॅमचा वेग इतर प्रोसेसरपेक्षा जास्त जाणवतो, त्यालाही कारण आहे. सहा कोर आत तीन-तीनच्या दोन गटांत असतात आणि त्यांना जोडणारा आतला रस्ता, ज्याला एएमडी इन्फिनिटी फॅब्रिक म्हणते, तो मेमरीच्याच घड्याळावर चालतो. रॅम २४०० ला असेल तर तो रस्ता १२०० मेगाहर्ट्झला, ३२०० ला नेली तर १६०० ला. म्हणजे रॅम बदलली की रॅमच नव्हे, कोरांची आपसातली ये-जाही सुधारते.

इथं एक गोष्ट आधीच सांगतो. ज्याच्याकडे दहा-बारा हजार रुपये आहेत त्यानं रॅमच्या आधी प्रोसेसर बदलायचा विचार करावा. एएमडीनं २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या जुन्या मदरबोर्डांवरही रायझन ५००० चालवायला परवानगी दिली, आणि बोर्डाच्या कंपनीनं तशी बायोस (मशीन चालू होताच बोर्डावर आधी चालणारं सॉफ्टवेअर) काढली असेल तर तो फरक रॅमनं पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. माझ्याकडे पाच हजार होते. मुलीच्या स्पर्धांच्या प्रवेश फी आणि प्रवासातून तेवढेच उरले होते.

पुढचा आठवडा नुसतं वाचलं. सगळ्यात उपयोगी पडलं ते साधं गणित, आणि तेच इथं जरा विस्तारानं सांगतो. रॅमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ३२०० असतं. बारीक अक्षरात सीएल १६ किंवा सीएल २२ असं काहीतरी असतं. मोठा आकडा म्हणजे माहिती किती वेगानं वाहते, बारीक आकडा म्हणजे मागितल्यावर पहिला थेंब यायला किती ठोके थांबायचं. थांबण्याचा खरा वेळ काढायचा तर सीएलला २००० नं गुणून मोठ्या आकड्यानं भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात येतं. माझी जुनी रॅम २४०० सीएल १७, म्हणजे १४.२. नवी ३२०० सीएल २२ घेतली तर १३.८. ३२०० सीएल १६ घेतली तर बरोबर १०.

हा हिशेब मी तीनदा केला. खोक्यावर ३२०० लिहिलेल्या दोन रॅम, आणि एकीचा थांबायचा वेळ माझ्या सहा वर्षं जुन्या रॅमइतकाच! सीएल २२ वाली वाईट नसते. ती १.२ व्होल्टवर चालणारी प्रमाणित रॅम आहे, ऑफिसच्या कामाला उत्तम. सीएल १६ वाली १.३५ व्होल्टवर चालते आणि तिच्यात एक्सएमपी नावाचं तयार प्रोफाइल भरलेलं असतं, ते बायोसमध्ये जाऊन आपण चालू करायचं असतं. चालू केलं नाही तर तीही २१३३ किंवा २४०० लाच बसून राहते. बायोसमध्ये प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, ए-एक्सएमपी, डीओसीपी वगैरे. अर्थ एकच.

मग ३६०० सीएल १८ का नको? गणितानं तीही दहाच येते. पण माझ्या प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर ३६०० पेलत नाही. एएमडीनं या पिढीसाठी अधिकृत सांगितलेले आकडे फार खाली आहेत. दोन सिंगल-रँक स्टिक असतील तर २६६६, दोन ड्युअल-रँक असतील तर २४००, चारही खाचा भरल्या तर २१३३ किंवा १८६६. त्याच्या वरचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे सांगितलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं, मिळालं तर मिळालं. म्हणून जुन्या दोन ठेवून आणखी दोन घालायचा माझा पहिला बेत तिथंच सोडला. रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपांचे गट. आठ जीबीच्या स्टिक बहुतेक सिंगल-रँक असतात, सोळा जीबीच्या बऱ्याच ड्युअल. मला एकूण सोळा जीबी पुरत होती, त्यामुळे दोन आठ-आठच्या, एकाच खोक्यातल्या किटच्या, असं ठरवलं.

मदरबोर्ड कंपनीच्या पानावर तपासलेल्या रॅमची यादी असते. मी ती छापून घेतली. पण यादी २०१७ ची, तिच्यातल्या बहुतेक रॅम आता बाजारात नाहीत. तरीही तिचा एक उपयोग झाला. आपल्या बोर्डावर ३२०० ला चाललेल्या रॅममध्ये सोळा जीबीच्या स्टिक किती थोड्या आहेत ते दिसलं, आणि आठ-आठचा निर्णय पक्का झाला.

२३ जानेवारीला बाजारात गेलो. महिन्याची ११ आणि २० तारीख उलटल्याशिवाय मला मान वर करता येत नाही, त्यामुळे ह्या सगळ्या प्रकरणातल्या तारखा तुम्हाला विसाव्या तारखेच्या पुढेमागे घोटाळताना दिसतील. दुकानदार ओळखीचे, बोलायला गोड. त्यांनी ड्रॉवरमधून सुटी स्टिक काढली. "अहो सर, बत्तीसशेच हाय की ही. घेऊन जावा, लावून बघा." मी चष्मा वर करून लेबल पाहिलं, सीएल कुठंच लिहिलेला नव्हता, पण १.२ व्होल्ट मात्र होतं. एवढ्यावरून कळतं. १.२ व्होल्ट आणि ३२०० असेल तर ती बहुतेक सीएल २२. मी त्यांना विचारलं, सोळावाली मागवता येईल का. ते म्हणाले, "मागवतो की, पण परत घेणार न्हाई. तुमच्या बोर्डावर न्हाई चालली तर माझ्या गळ्यात." त्यांचं बरोबर होतं. जुन्या बोर्डासाठी रॅम घेताना परत करण्याची सोय हाच निम्मा सौदा आहे.

ऑनलाइन मागवली. ३२०० सीएल १६, आठ जीबीच्या दोन, किंमत ३,९५० रुपये, सात दिवसांत बदलून देण्याची अट. कूलर मोठा असल्यानं आधी पट्टीनं मोजलं, पंखा आणि खाच यांच्यामध्ये ३८ मिलिमीटर जागा होती. चकाकत्या उंच कवचाच्या रॅम त्यात बसल्या नसत्या, म्हणून ठेंगणी निवडली. २५ ला ऑर्डर, ३० ला विश्रामबागला घरी आली.

खोकं उघडलं तर आत एकच स्टिक, सोळा जीबीची. बिलावर किट, आत एकच. सुदैवानं भाच्यानं सांगितलं होतं, "काका, खोकं उघडताना व्हिडिओ काढा, लेबल आणि सील दोन्ही दिसू देत." तो व्हिडिओ कामाला आला. तक्रार नोंदवली, त्यांनी फोटो मागितले, मग बिलावरचा आणि स्टिकवरचा सिरियल नंबर मागितला. दोन दिवसांनी पुन्हा तेच फोटो दुसऱ्या माणसानं मागितले. ३ फेब्रुवारीला कुरिअरवाला घेऊन गेला, ९ तारखेला बदली किट आली. दहा दिवस गेले, पैसे नाही गेले. प्रत्येक फोनचा तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवला होता, त्यामुळे दुसऱ्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागलं नाही.

बिलाबद्दल आणखी थोडं. जुन्या आठ जीबीच्या रॅमला आयुष्यभराची वॉरंटी होती, पण बिल गावभागातल्या जुन्या घरी होतं आणि २०१९ च्या पुरात कागदांचं कपाट गेलं. कॉम्प्युटर आम्ही वेळेत माळ्यावर चढवला होता, कागद नाही. या वेळी बिलाची पीडीएफ मेलवर ठेवली, सिरियल नंबरचा फोटो काढला आणि कंपनीच्या पानावर नोंदणीही केली.

रॅम वाटेवर असताना बायोसचं काम उरकलं. माझी बायोस २०१७ चीच होती. पहिल्या रायझनच्या सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅमचं फार रखडत असे. मे २०१७ मध्ये एएमडीनं अगीसा (बायोसच्या आतला एएमडीचा मूळ भाग) १.०.०.६ जाहीर केलं, त्यात मेमरीची २६ नवी सेटिंग्ज उघडली, आणि त्यानंतर परिस्थिती सुधारत गेली. पण सगळ्यात ताजी बायोस डोळे झाकून टाकू नका. काही कंपन्यांच्या ताज्या बायोसखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पहिल्या पिढीच्या प्रोसेसरला ही देऊ नये. मी यादीतली प्रत्येक ओळ वाचून २०१९ ची एक निवडली.

बायोस लिहिताना वीज गेली तर बोर्ड मेला, हे सगळ्यांना माहीत असतं. मी यूपीएसवर विसंबलो होतो. करायच्या आधी सहज चाचणी म्हणून भिंतीतला प्लग काढला, आणि मशीन जागच्या जागी बंद. बॅटरी कधीच संपली होती! नवी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी ९५० रुपयांना बसवली, रात्रभर चार्ज केली, पुन्हा प्लग काढून दहा मिनिटं मोजली, मगच पेन ड्राइव्ह लावला. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला लागतो. काम चार मिनिटांचं. ती चार मिनिटं मी खुर्चीवर बसलो नाही. बायोस बदलली की जुनी सगळी सेटिंग्ज पुसली जातात, माझं ३.८ चंही गेलं. ते पुढे बरंच झालं.

११ फेब्रुवारी, रविवार. आदल्या दिवशी महिन्याचं पहिलं रिटर्न भरून मोकळा झालो होतो. मशीन बंद केलं, मागची वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. खाचा चार असतात तेव्हा प्रोसेसरपासून मोजत दुसरी आणि चौथी वापरायची. मी गेली चार वर्षं पहिल्या आणि दुसऱ्यात घातल्या होत्या, म्हणजे दोन्ही एकाच चॅनेलवर. निम्मा रस्ता बंदच होता. हे वाचणाऱ्यानं काहीही विकत घेण्याआधी झाकण उघडून एवढं तरी बघावं. मी जुन्याच स्टिक आधी योग्य खाचांत घालून स्टॉकफिशची चाचणी घेतली, तर पैसा न खर्चता थोडा वेग वाढलेला दिसला. पुढचे सगळे आकडे त्या दुरुस्त केलेल्या जुन्या रॅमशी ताडलेले आहेत, नाहीतर तुलना खोटी झाली असती.

नवी रॅम घातली. बटण दाबल्यावर पडदा काळा. पंखे फिरतात, दिसत काही नाही. पहिल्यांदा नवी रॅम ओळखताना बोर्ड स्वतःशी जुळवाजुळव करतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि मिनिट-दीड मिनिट जाऊ शकतं. माझ्या घड्याळात ७० सेकंद झाली. मग २१३३ ला सुरू झालं. मी लगेच एक्सएमपी लावलं नाही. आधी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन २१३३ लाच रात्रभर चालवलं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. हेतू इतकाच की पुढे चूक सापडली तर ती रॅमच्या दोषाची की माझ्या सेटिंगची, हे ठरवता यावं. बदलून देण्याची मुदत चालू असताना हे करून घ्यावं. सकाळी चारही फेऱ्या स्वच्छ.

१२ ला रात्री एक्सएमपी, ३२००. पडदा काळा. मशीन आपोआप तीनदा बंद-चालू झालं आणि मग चौथ्यांदा काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सकाळी एका ग्राहकाला त्याच मशीनवरून कागद द्यायचे होते. वायर काढली, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढला (त्यानं बायोसची सेटिंग्ज पुसली जातात), पाच मिनिटांनी परत घातला, आणि मशीन २१३३ ला सुरू झालं. सीआर२०३२ सेल सहा वर्षं जुना होता, तोही बदलला, ४० रुपये. आता मी सेल काढत नाही, बोर्डावर त्यासाठी दोन पिना असतात, वायर काढलेली असताना त्यांना पेचकसाचं टोक काही सेकंद टेकवायचं. त्या पिना कुठं आहेत ते बोर्डाच्या पुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका आधीच मोबाइलवर उतरवून ठेवायची, कारण मशीन बंद पडल्यावर ती वाचणार कशावर?

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, एसओसीचा व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका. आणि प्रॉकओडीटी ५३ करून बघा." एसओसी म्हणजे प्रोसेसरचा तो भाग ज्यात मेमरी कंट्रोलर बसतो. तो १.१ व्होल्ट केला, त्याच्या वर मी कधी गेलो नाही. प्रॉकओडीटी हा सिग्नलचा परतणारा धक्का शोषून घेणारा रोध असतो, ५३.३ ओहम ठेवला. ३२०० ला विंडोज सुरू झालं. मुलीला हाक मारली. मीही आनंदात प्रोसेसर पुन्हा ३.८ वर नेला. दोन दिवस सगळं छान.

१५ फेब्रुवारीला रात्री एका व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या बिलांची दाबून ठेवलेली फाइल उघडायला गेलो आणि फायली दाबणाऱ्या सेव्हन-झिपनं सांगितलं, सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते ताडणारा आकडा) चुकला. पुन्हा उघडली तर नीट उघडली. तिसऱ्यांदा दुसऱ्याच फाइलवर चूक. डोक्यात आलं की दोन दिवसांत या मशीननं जे जे लिहिलं ते सगळं संशयास्पद. रात्री दोनपर्यंत मी बाहेरच्या डिस्कवरच्या ११ तारखेच्या बॅकअपशी एकेक फोल्डर ताडून पाहत होतो. फायली शाबूत निघाल्या, चूक वाचताना होत होती. पण ते दोन दिवस विंडोज एकदाही पडलं नव्हतं, निळा पडदा नाही, काही नाही. रॅम अस्थिर असली तर मशीन बंद पडेलच असं नाही, ते शांतपणे एखादा आकडा बदलून ठेवतं. माझ्या धंद्यात याहून भयंकर काही नाही. त्या रात्रीपासून नियम केला, चाचणी सुरू असताना बॅकअप डिस्क मशीनला जोडलेली नसते, आणि चाचणी पूर्ण झाल्याशिवाय त्या मशीनवर ग्राहकाचं काम होत नाही. तोवर काम बायकोच्या लॅपटॉपवर.

माझी चूक उघड होती. रॅम आणि प्रोसेसर दोन्ही एकदम वर नेले होते. भाच्यानं आधी सांगितलेलं, "आधी प्रोसेसर मूळ वेगावर आणा, रॅम पक्की करा, मग प्रोसेसरकडे बघा." १८ पासून तसं केलं. प्रोसेसर मूळ वेगावर, रॅम ३२००, मेमटेस्टच्या तिसऱ्या फेरीत ११ चुका. म्हणजे दोष रॅमच्या वेगातच होता. ३०६६, चौथ्या फेरीत दोन चुका. दोनही नकोत, एकही नको. २९३३, चारही फेऱ्या स्वच्छ. दुसऱ्या रात्री पुन्हा स्वच्छ. प्रत्येक प्रयत्नाला एक रात्र जाते, हे धरून चाला. माझ्या सात रात्री गेल्या, आणि सकाळी उठून सगळ्यात आधी देवघराऐवजी कॉम्प्युटरच्या खोलीत जायची सवय लागली.

२९३३ वर थांबावं लागलं याचं दोन दिवस वाईट वाटत होतं. ३२०० चे पैसे दिले होते. पण मग गणित पुन्हा मांडलं. वेग खाली आणला तर सीएलही खाली आणता येतो. या प्रोसेसरवर गिअर डाउन मोड नावाचं सेटिंग चालू असताना सीएल समच घ्यावा लागतो, १५ दिला तरी तो १६ करतो, म्हणून सरळ १४ लावला, थांबण्याचे बाकीचे आकडे १७-१७-३४. २९३३ सीएल १४ म्हणजे साडेनऊ नॅनोसेकंद. खोक्यावरच्या ३२०० सीएल १६ च्या दहापेक्षा कमी! २४ फेब्रुवारीच्या रात्री ती चाचणी पार पडली आणि मी खरोखर खूश झालो. सीएल २२ वाली स्टिक घेतली असती तर ही मोकळीक मिळाली असती असं वाटत नाही.

त्याच भरात टीआरएफसी नावाची आणखी एक वेळ ५१३ वरून ४२० वर ओढली. तेही पार पडलं. मग मार्च आला, आर्थिक वर्षाची अखेर, आणि मी मशीनला हात लावला नाही. मार्चभर सगळं नीट चाललं.

एप्रिलची सांगली वेगळी असते. पाडव्यानंतर दुपारी वरच्या खोलीत पंखासुद्धा गरम हवा फेकतो. १३ एप्रिलला स्टॉकफिश तास-दीड तास चालून अचानक बंद पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुद्दाम दुपारी, मेमटेस्ट लावलं. खोलीत ३७ अंश. चौथ्या फेरीत एक चूक. रॅममधली प्रत्येक पेशी म्हणजे इवलं धारक (कपॅसिटर) असतं, त्यातला भार सतत गळत असतो आणि ठरावीक वेळानं तो पुन्हा भरावा लागतो. टीआरएफसी म्हणजे त्या भरण्यासाठी दिलेला वेळ. उन्हात भार लवकर गळतो, आणि मी फेब्रुवारीच्या थंडीत त्याच वेळेला कात्री लावली होती. ४२० चे पुन्हा ५१३ केले. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जुन्या मशीनमधला १२० मिलिमीटरचा पंखा लावला, खर्च शून्य. रिटर्नची विसावी तारीख उलटल्यावर २१ आणि २७ एप्रिलला, दोन्ही दिवस दुपारी बारा ते पाच, चाचणी स्वच्छ. आपल्याकडे पक्की चाचणी उन्हाळ्यातलीच. थंडीत रॅम बसवलीत तर एप्रिलची तारीख कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. २८ ला प्रोसेसर पुन्हा ३.८ वर नेला, रात्रभर ताण दिला, चूक नाही.

फरक किती पडला? सेव्हन-झिपच्या चाचणीत फायली दाबायचा वेग सुमारे १७ टक्क्यांनी वाढला, उलगडायचा जवळपास तेवढाच राहिला, कारण त्या कामाला रॅमची फारशी गरज नसते. मेमरीला उत्तर द्यायला लागणारा एकूण वेळ ९४ नॅनोसेकंदांवरून ७७ वर आला. यात कंट्रोलर आणि आतला रस्ता सगळं येतं, म्हणून तो खोक्याच्या गणितापेक्षा मोठा दिसतो. आणि ज्याच्यासाठी हे केलं त्या स्टॉकफिशला, वेग मोजायच्या त्याच्याच बेंच आज्ञेवर, सहा टक्के. मोठं हॅश टेबल, म्हणजे तपासलेल्या स्थिती साठवायला रॅममधली जागा, दिलं तर थोडे जास्त. सहा टक्के ऐकून कुणी म्हणेल एवढ्यासाठी एवढं? मला ते मोलाचे वाटतात, पण तुमचं काम फक्त एक्सेल आणि ब्राउझरचं असेल तर हे पैसे एसएसडीत घाला, फरक दुसऱ्याच मिनिटाला दिसेल.

खर्च असा झाला: रॅम ३,९५०, यूपीएसची बॅटरी ९५०, सेल ४०. जुन्या दोन स्टिक १,२०० ला एका विद्यार्थ्याला दिल्या, देताना त्याच्यासमोर सीपीयू-झेडवर दाखवून, आणि कुठल्या खाचांत घालायच्या तेही सांगून. शेवटची सगळी सेटिंग्ज बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवलीच आहेत, पण बायोस बदलली तर ती जातील म्हणून पडद्याचे फोटो काढले, आणि एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला. २९३३, १४-१७-१७-३४, १.३६ व्होल्ट, एसओसी १.१, प्रॉकओडीटी ५३.३, टीआरएफसी ५१३.

काल रात्री अकराला मुलीनं कारो-कान या डावाच्या सुरुवातीतली एक स्थिती लावली, हॅश आठ जीबी दिला आणि झोपायला गेली. पहाटे वीज गेली, यूपीएस बोलत राहिला, दहा मिनिटांच्या आत वीज आली. सहाला मी खोलीत गेलो तेव्हा ती माझ्या आधीच खुर्चीत बसलेली होती, वही उघडून. "बाबा, डेप्थ एकेचाळीस," ती म्हणाली, आणि पुन्हा पटाकडे वळली.